उमेदवाराचा एच-इंडेक्स विचारणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील वैद्यकीय, फार्मसी व विज्ञान महाविद्यालयांच्या निवड आणि बढती समित्यांचे सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

मुलाखतीच्या दिवशी शेजारच्या खोलीत फायलींचा गठ्ठा आणि लॅपटॉप घेऊन ग्रंथपाल बसलेला असतो. मध्येच शिपाई येऊन सांगतो, 'आत बोलावलंय, सायटेशन तपासायचंय.' तो ग्रंथपाल मी. सायटेशन, म्हणजे उमेदवाराच्या निबंधांचा इतरांच्या निबंधांत किती वेळा उल्लेख झाला तो आकडा. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्याकडून आकडे घेतले आहेत. आकडा सांगून मी बाहेर येतो, दार लागते, आणि त्या आकड्याचे पुढे काय झाले ते मला निकालाच्या कागदावरूनच कळते. त्या आकड्याबद्दल आज कोणी न विचारता बोलतो आहे.

निमित्त सांगतो. मध्यंतरी एका महाविद्यालयात फार्माकॉलॉजीची, म्हणजे औषधशास्त्राची, जागा भरायची होती. महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही. गोवा एवढासा, लोक अंदाज बांधतीलच. पण कोणाला उघडे पाडायला मी बसलेलो नाही. शेवटी दोन उमेदवार उरले. दोघांचाही विषय मेंदूवर काम करणारी औषधे. एक गृहस्थ, एक बाई. गृहस्थांचे उल्लेख बाईंच्या जवळजवळ तिप्पट. मी दोन्ही आकडे वाचून दाखवले, एक ज्येष्ठ सदस्य 'मग प्रश्नच मिटला' म्हणाले, आणि चहा आला.

त्या तिप्पट आकड्यातला मोठा वाटा एकाच आढावा-लेखाचा होता. त्याला लेखकांची भलीमोठी रांग, आणि आपले उमेदवार त्या रांगेत मधोमध कुठेतरी. बाईंनी अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या, औषधांचे दुष्परिणाम आपल्याच इस्पितळातल्या रुग्णांमध्ये वर्षानुवर्षे नोंदवून त्यावर लिहिले होते. मला हे ठाऊक होते, कारण फाईल लावताना मी निबंध उघडून पाहतो. निवड चुकली असे मी म्हणत नाही. फार्माकॉलॉजीतले मला काय कळते? पण त्या खोलीत एकही निबंध उघडला गेला नाही, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिले. पणजीच्या बाजारात इसवण घेताना आपण कल्ला वर करून रंग पाहतो, बोटाने दाबून पाहतो, मगच पिशवी पुढे करतो. माणूस वीस-पंचवीस वर्षांसाठी नेमायचा तर नुसती पाटी वाचून?

आता आकड्याकडे वळतो. मुळात तो एक नसतोच. उल्लेख मोजणारी संकेतस्थळे वेगवेगळी. गूगल स्कॉलर प्रबंध मोजते, परिषदेच्या पुस्तिका मोजते, छापण्याआधी नेटवर टाकलेले मसुदे मोजते, कधी एकच निबंध दोनदा मोजते. स्कोपस स्वतः निवडलेली नियतकालिके, पुस्तके आणि परिषदांचे निबंध एवढेच पाहते. वेब ऑफ सायन्सची चाळणी त्याहून बारीक. एकाच माणसाचे, एकाच दुपारी, तीन ठिकाणी तीन आकडे निघतात, आणि त्यांतला मोठा धाकट्याच्या दुप्पट असला तरी मला आश्चर्य वाटत नाही. अर्जात कोणता लिहिला जातो ते सांगायला नको. तुमच्या छापील अर्जात तर नुसतेच 'सायटेशन' असा रकाना असतो. कुठून काढले, कोणत्या तारखेला काढले, स्वतःच स्वतःचे केलेले उल्लेख वगळले की नाही, यातले काहीच विचारलेले नसते.

त्यात आपल्याकडची नावे. 'एस. नाईक' टाकले की एकाच पानावर खनिजांचे भूशास्त्र, दातांची कीड, कोळंबीचे रोग आणि मेंदूतले सेरोटोनिन असे सगळे मिळून समोर येते. गावडे, फर्नांडिस, डिसोझा, कोणतेही आडनाव घ्या. हा सावर्ड्याचा आणि तो सांग्याचा हे यंत्राला कळत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे हाल तर आणखी वेगळे. माहेरच्या नावाने एक पान, सासरच्या नावाने दुसरे. एकूण उल्लेखांची निदान बेरीज करता येते, पण दोन पानांचे एच-इंडेक्स (त्याचा हिशेब खाली मांडला आहे) बेरजेने मिळत नाहीत. सगळे निबंध एकत्र लावून नव्याने मोजावे लागतात. हे कोण करतो? २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी ओळखक्रमांक संशोधकांना फुकट मिळतो. तो घेतला की हा घोळ बराचसा मिटतो. पुष्कळ अर्जांत तो रकानाच नसतो.

एच-इंडेक्स म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगणे आगाऊपणाचे आहे. तरी हिशेब एकदा कागदावर मांडतो. एखाद्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा उल्लेख असतील, पण अकरा निबंधांना प्रत्येकी निदान अकरा नसतील, तर त्याचा एच-इंडेक्स १०. एखाद्याचे पाच निबंध आहेत आणि प्रत्येकाला १०० उल्लेख. दुसऱ्याचे बारा निबंध, प्रत्येकाला १२. पहिल्याचे एकूण उल्लेख ५००, एच-इंडेक्स ५. दुसऱ्याचे एकूण १४४, एच-इंडेक्स १२. म्हणजे एकूण आकडा पाहिला तर पहिला पुढे, एच-इंडेक्स पाहिला तर दुसरा, आणि दोघांनी काय शोधले ते कशातूनच कळत नाही. हा निर्देशांक २००५ साली होर्गे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. २०२० मध्ये त्याच हर्शनी लिहिले की आपले हे माप सपशेल फसूही शकते आणि त्याचे परिणाम वाईट होऊ शकतात. इम्पॅक्ट फॅक्टरची, म्हणजे एखाद्या नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती उल्लेख मिळतात त्या मापाची, कथा फार वेगळी नाही. यूजीन गारफिल्ड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला, तो कोणती नियतकालिके निवडावीत हे ठरवण्यासाठी. म्हणजे आम्हा ग्रंथपालांच्या कामाची वस्तू. आमच्या टेबलावरून ती उचलून तुम्ही माणसांना लावलीत.

उल्लेख होतो कशासाठी, हे जवळून पाहिले की आकड्याचा दरारा आपोआप कमी होतो. माझ्यासमोर एक निबंध उघडा आहे. प्रास्ताविकातले पहिलेच वाक्य: अपस्मार हा जगभरातला मोठा आरोग्यप्रश्न आहे. त्यापुढे चौकटी कंसात '१२ ते १९'. आठ निबंधांच्या खात्यावर एकेक उल्लेख पडला. त्या वाक्याला आठांतल्या एकाचीही गरज नव्हती. खाली पद्धतीच्या विभागात आणखी एक: पाण्याच्या नळकांड्यात सोडलेला उंदीर किती वेळ धडपडतो आणि किती वेळ नुसता तरंगत राहतो, हे मोजून नैराश्यावरचे औषध तपासण्याची रीत. ती १९७७ ची. जो कोणी उंदराला पाण्यात सोडतो, तो त्या मूळ निबंधाचा उल्लेख करतो, त्याचे म्हणणे पटो वा न पटो. मग शेवटच्या चर्चेत, बरेच खाली, एक वाक्य असे सापडते: अमुक यांनी दाखवलेला परिणाम आम्हाला आढळला नाही, कारण त्यांची मात्रा वेगळी होती. हा खरा उल्लेख. इथे कोणीतरी दुसऱ्याचा निबंध वाचला, तपासला, त्याच्याशी भांडला. तुमच्या रकान्यात मात्र या तिन्हींची किंमत सारखी, प्रत्येकी एक.

जगात सर्वाधिक उल्लेख झालेला निबंध एका फार्माकॉलॉजिस्टचाच आहे, हे तुमच्यातल्या त्या विषयाच्या मंडळींना माहीत असेल. ऑलिव्हर लौरी, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात फार्माकॉलॉजीचे विभागप्रमुख. १९५१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी द्रावणातले प्रथिन मोजण्याची एक सोपी रीत छापली. २०१४ मध्ये 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकाने शंभर सर्वाधिक उल्लेखित निबंधांची यादी केली तेव्हा तो पहिला होता, उल्लेख तीन लाखांवर. लौरींचे आयुष्यभराचे मोठे काम वेगळेच: मेंदूच्या कणभर तुकड्यातली, अगदी एकेका पेशीतली रसायने मोजण्याच्या सूक्ष्म पद्धती. त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की तो प्रथिनांचा निबंध काही थोर नाही हे मला ठाऊक आहे, पण त्याला मिळणारा प्रतिसाद पाहून मनातल्या मनात मजा वाटते. ही मजा त्यांना परवडली, कारण त्यांची बढती त्या आकड्यावर अडली नव्हती.

आणि मोठा आकडा चुकीच्या निबंधालाही मिळतो. २००६ साली 'नेचर'मध्ये अल्झायमरवर एक निबंध आला. मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड-बीटा प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार स्मरणशक्ती बिघडवतो, असा त्याचा दावा. काम मिनेसोटा विद्यापीठातले. पुढची सोळा वर्षे त्याचे उल्लेख होत राहिले, दोन हजारांच्या वर गेले. २०२२ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकाने त्यातल्या चित्रांमध्ये फेरफार झाल्याचा संशय जाहीरपणे मांडला आणि जून २०२४ मध्ये निबंध मागे घेतला गेला. ज्या मज्जाशास्त्रज्ञाला ती चित्रे खटकली, त्याने काय केले होते? चित्रे मोठी करून पाहिली होती. आकड्याला फसवणे अवघड नसते. चित्राकडे टक लावून बसलेल्या माणसाला फसवणे जड जाते.

याच्या उलट टोकाची गोष्ट आपल्याकडची आहे, आणि तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण माझे म्हणणे मला तिथेच सर्वांत स्पष्ट दिसते.

सर्पगंधा तुम्हाला माहीत आहे. सह्याद्रीच्या रानात मिळते, वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड' या नियतकालिकात तिच्यावर निबंध छापला: वेड आणि वाढलेला रक्तदाब, दोन्हींवर ही मुळी चालते. आज ज्याला आपण न्यूरोफार्माकॉलॉजी, म्हणजे मेंदूवरच्या औषधांचे शास्त्र, म्हणतो त्यातला हा भारतातला एक मूळ दस्तऐवज. पण त्या काळी भारताबाहेर तो जवळजवळ कोणाच्या गावीही नव्हता. अठरा वर्षे गेली. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला, आणि मग युरोपचे डोळे उघडले. १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे काढले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले. १९५७ सालचा लास्कर पुरस्कार, वैद्यकातला अमेरिकेतला मोठा मान, क्लाइन आणि वकील दोघांनाही मिळाला.

खरी मौज पुढे आहे. रेसर्पिन दिले की मेंदूतले सेरोटोनिन हे निरोप पोचवणारे द्रव्य आटते, हे अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसले. तिथे काही काळ काम करून स्वीडनला परतलेल्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे मान टाकून निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा, म्हणजे शरीरात ज्याचे डोपामिन बनते ते द्रव्य, टोचले, आणि ससे उठून हिंडू लागले. हे १९५७ चे. मेंदूत डोपामिन नावाचे स्वतंत्र दूतद्रव्य आहे आणि हालचालीशी त्याचा संबंध आहे, ही समज त्यातून आली. १९६१ मध्ये व्हिएन्नात पार्किन्सनच्या रुग्णांवर एल-डोपाचा परिणाम दिसला. २००० साली कार्लसन नोबेलचे मानकरी ठरले. मधल्या काळात त्यांनाही सुखाने जगू दिले नव्हते. १९६० मध्ये लंडनच्या एका परिषदेत जाणत्या मंडळींनी त्यांचे म्हणणे उडवून लावले होते. आणि ते एल-डोपा? पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या, अंगाला लागली की खाजवून हैराण करणाऱ्या आपल्या खाजकुइलीच्या बियांत ते असते, हे १९३७ मध्येच मद्रासच्या संशोधकांनी दाखवून दिले होते.

आता कल्पना करा, सेन आणि बोस १९३८ साली तुमच्यासमोर बढतीसाठी बसले आहेत. प्रमुख निबंध सात वर्षांपूर्वीचा. नियतकालिक देशी, उल्लेख नाममात्र. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीतला तक्ता लावला तर काय होते? त्या तक्त्यात तज्ज्ञांकडून परीक्षण होणाऱ्या पण इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला ५ गुणांची भर. फॅक्टर १ च्या आत असेल तर १०, १ ते २ असेल तर १५, २ ते ५ ला २०, ५ ते १० ला २५ आणि १० च्या वर ३०. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. म्हणजे सर्पगंधेच्या वाट्याला तळातली पायरी, तीही वाटून. आणि नंतर मागे घ्यावा लागलेला तो अल्झायमरचा निबंध? सोळा वर्षे पूर्ण ३० च्या पायरीवर. हे गुण निबंधाला नाहीत हे नीट पाहा. ते नियतकालिकाला आहेत, आणि इम्पॅक्ट फॅक्टर तर आधीच्या दोन वर्षांच्या निबंधांपुरता मोजलेला असतो. दोन वर्षांत सर्पगंधेला कोण विचारणार होते?

हे फक्त सर्पगंधेपुरते, असे वाटत असेल तर पणजीत एक फेरी मारा. चर्चसमोरच्या ज्या बागेत आपण संध्याकाळी टेकतो, तिला गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात अफू, भांग, धोतरा अशा मेंदूवर चढणाऱ्या द्रव्यांची लक्षणे लिहिली. धोतरा खाऊ घालून लुबाडलेली एक मोलकरीण त्यात येते. तिला काहीही विचारले तरी ती नुसती हसत राहते. धोतऱ्याने होणाऱ्या भ्रमाचे असे वर्णन विषशास्त्राच्या आजच्या वर्गातही खपून जाईल. युरोपने हा ग्रंथ वाचला तो मुख्यतः क्लूसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये अँटवर्पला छापलेल्या लॅटिन संक्षेपातून, म्हणजे पुष्कळ उल्लेख क्लूसियसच्या खात्यावर. ओर्ताला ज्यांनी माहिती पुरवली त्या इथल्या वैद्य-हकिमांचे खाते तर उघडलेच गेले नाही. तिथून चार पावलांवर जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा. संमोहनाची झोप कोणा चुंबकी द्रव्याने येत नाही, ती झोपणाऱ्याच्या मनातूनच येते, असे कांदोळीच्या या माणसाने १८१९ मध्ये पॅरिसात छापले आणि त्याच वर्षी तो गेला. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी त्याचे श्रेय मान्य केले ते कित्येक दशकांनी. (जाता जाता: गणितज्ञ दामोदर कोसंबी तर आपले, कोसबेंचे. जनुकांचे नकाशे करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कोसंबी' हा पर्याय आजही निवडता येतो. निवडणाऱ्यांतले किती जण त्यांच्या १९४४ च्या निबंधाचा उल्लेख करत असतील? काम फारच रुळले की उल्लेख थांबतात.)

आकडा मोठा असला की तो खोटाच, असा उफराटा नियम मात्र मी करत नाही. गोव्यात झालेल्या एका कामाचे उदाहरण देतो. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकामध्ये विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. गोव्यातल्या सर्वसाधारण इस्पितळांच्या बाह्यरुग्ण विभागात आलेले, नैराश्य-चिंतेसारखा त्रास असलेले ४५० प्रौढ. काहींना फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, काहींना समुपदेशन. दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटिन नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरले. समुपदेशन ठरले नाही. हा निकाल झाकून ठेवला नाही, जसाच्या तसा छापला. पुढे याच गोव्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि खाजगी दवाखाने मिळून २७९६ रुग्णांची 'मानस' चाचणी झाली, ती २०१० मध्ये छापून आली. आणि २०१७ मध्ये, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी आरोग्य केंद्रात दिलेला छोटा उपचार तीव्र नैराश्यावर उपयोगी पडतो, हेही 'लॅन्सेट'मध्येच आले. आधी न जमलेली गोष्ट चौदा वर्षांनी वेगळ्या रीतीने जमलेली दिसते. या निबंधांचे उल्लेख भरपूर आहेत आणि ते रास्तच आहे. पण ते रास्त का, हे तुम्हाला आकड्यातून दिसणार नाही. त्यासाठी २००३ चा निबंध आणि २०१७ चा निबंध शेजारी शेजारी ठेवावे लागतात.

तशीच दुसरी बाजू. फार्माकॉलॉजीच्या लोकांचे बरेचसे उपयोगी काम उल्लेखांच्या हिशेबात येतच नाही. २०१० मध्ये देशात औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. वॉर्डात जायचे, फिट्सची गोळी सुरू केल्यावर अंगावर चट्टे उठलेल्या रुग्णाला गाठायचे, गोळी कधी सुरू केली, चट्टे कधी आले, सोबत आणखी काय घेत होता, हे विचारून अर्ज भरायचा. ती नोंद गाझियाबादला जाते, तिथून स्वीडनमध्ये उप्साला इथल्या जागतिक नोंदणीत. अशा नोंदी साचूनच एखाद्या औषधाच्या वेष्टनावर नवा इशारा छापला जातो. इशाऱ्याखाली नोंद करणाऱ्याचे नाव नसते, आणि कोणी त्याला साइटही करत नाही. मघाच्या मुलाखतीतल्या बाईंची किती वर्षे यात गेली होती, ते त्यांच्या फायलीत कुठेतरी सतराव्या पानावर होते. नावडतीचे मीठ अळणी म्हणतात, तसा हा सतराव्या पानाचा मजकूर.

तुमची बाजू मला माहीत आहे, ती लपवत नाही. एक सदस्य मला एकदा व्हरांड्यात म्हणाले होते, 'आकडा काढून टाकला तर उरतो वशिला. इथे प्रत्येक जण कोणाचा तरी भाचा आहे.' ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गोव्यासारख्या लहान जागी आकड्याने एक काम निश्चित केले: ज्याने काहीच केलेले नाही त्याला नुसत्या ओळखीवर पुढे सरकणे अवघड झाले. म्हणून आकडा काढा असे मी सांगत नाही. पण वशिल्यानेही वेळ घालवलेला नाही. पैसे भरा, आठवड्यात छापतो, अशी पत्रे मला ग्रंथालयाच्या पत्त्यावरही येतात. विभागप्रमुखांचे नाव प्रत्येक निबंधावर पडते. चार मित्र एकमेकांचे उल्लेख करत बसतात, अहो रूपम् अहो ध्वनिः. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने आपली केअर यादीही, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, बंद केली आणि नियतकालिके पारखायचे काम संस्थांवर, म्हणजे तुमच्यावर आणि माझ्यावर, टाकले. २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात हेच सांगितले होते की नियतकालिकाच्या मापाने माणूस मोजू नका. तो आपल्याकडे छापून फलकावर लावायला कोणाची हरकत नसते. अंमल करायचा म्हटले की वेळ नाही.

वेळेचेच बोलू. उमेदवाराचे सगळे निबंध वाचा असे कोणी म्हणत नाही. त्याला स्वतःलाच तीन निवडू द्या, प्रत्येकावर आपण त्यात नेमके काय केले ते पाच ओळींत मराठीत, कोकणीत, इंग्रजीत, हव्या त्या भाषेत लिहू द्या. समितीत त्या विषयाचा जो माणूस असेल त्याने त्यातला एक तरी मुलाखतीआधी वाचून यावा आणि त्यावरच प्रश्न विचारावेत. उंदरांची संख्या एवढीच का, मात्रा कशी ठरवली, परिणाम दिसला नाही तेव्हा काय केलेत. रांगेत मधोमध उभ्या असलेल्या लेखकाची यात लगेच पंचाईत होते. काम खरोखर केलेला माणूस मात्र खुलतो; मी दाराबाहेर बसून हे ऐकले आहे.

माझ्या वाट्याचे काम मी करून ठेवतो. यापुढे मुलाखतीसाठी मी नुसता आकडा देणार नाही, एक कागद देईन. त्यात पहिला रकाना स्रोताचा, दुसरा तारखेचा, तिसरा स्वतःचे उल्लेख वगळून उरलेल्या संख्येचा, चौथा लेखकांच्या रांगेतल्या जागेचा, पाचवा निबंध मागे घेतला गेला आहे का याचा. सहावा रकाना असा: ज्यांनी उल्लेख केला त्यांतले पाच उघडून पाहिले, त्यांनी तो कशासाठी केला? पद्धतीसाठी, प्रास्ताविकातल्या घोळक्यात, की निष्कर्षाशी सहमत होऊन किंवा भांडून. एका उमेदवारामागे माझी एक दुपार जाते. अर्ज मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी न देता आठवडाभर आधी द्या, म्हणजे झाले.

कागदाचा नमुना सोबत जोडला आहे. इतर रकाने तुमच्या सोयीने हलवा, नावे बदला, पाहिजे तर एखादा गाळा. सहावा मात्र ठेवा. आणि तो भरलेला कागद मुलाखतीच्या टेबलावर पहिल्या पानाच्याही वर लावा, सतराव्या पानामागे नको.

आपला,
एक ग्रंथपाल
डिचोली, गोवा